गहू बंद करण्याआधी रक्ताची तपासणी : लहान मुलांतील सीलिअॅक आजाराचे निदान कसे होते?

नवी दिल्ली : यमुनेच्या पूर्व तीरावरील मयूर विहारमध्ये देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे एकाच इमारतीत शेजारी-शेजारी राहतात. मूळची खाद्यपरंपरा कोणाची भाताची, कोणाची भाकरीची. परंतु दिल्लीत काही वर्षे काढल्यावर सर्वांच्याच ताटात गव्हाची पोळी स्थिरावते. बाळाचे उष्टावण झाले की त्याच्या वाटीतही गहूच येतो. आधी रव्याची खीर, मग दलिया, मग दुधात कुस्करलेली पोळी, आणि दात येऊ लागले की हातात बिस्किट. बहुतेक मुलांना हा आहार उत्तम मानवतो. उत्तर भारतात मात्र सुमारे शंभरातील एका व्यक्तीच्या शरीराला हाच गहू सोसत नाही, आणि त्याची पहिली लक्षणे अनेकदा वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागतात.

अशाच एखाद्या घरातील दीड वर्षाचे मूल डोळ्यांसमोर आणावे. वर्षाचे होईपर्यंत ते गुटगुटीत होते. त्यानंतर वजनाचा काटा हलेनासा झाला. पोट फुगलेले, हातपाय काटकुळे, दिवसातून चार-पाच वेळा पातळ, दुर्गंधीयुक्त शौच आणि सतत किरकिर. जंताचे औषध देऊन झाले, दूध बदलून झाले. मग शेजारच्या एखाद्या अनुभवी बाईंनी किंवा गावाकडच्या आजीने फोनवर सल्ला दिला, ‘पोळी बंद करून बघ.’ पोळी बंद झाली, भात-वरण सुरू झाले आणि तीन-चार आठवड्यांत मूल खरोखरच हसू-खेळू लागले. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, एकदा खात्री करून घ्यावी म्हणून, आईवडिलांनी रक्ताची तपासणी केली. अहवाल आला : सर्व काही सामान्य.

येथेच खरी अडचण सुरू होते. हा सामान्य अहवाल मुलाला आजार नसल्याचा पुरावा नसतो. आजाराच्या खुणा गहू बंद झाल्यामुळे पुसल्या गेल्या, एवढाही त्याचा अर्थ असू शकतो. मुलाला आयुष्यभर पथ्य पाळायचे आहे की नाही, हा साधा प्रश्न मग अनेक वर्षे अनुत्तरित राहतो. बालरोगतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ यासाठीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात : तपासणी होईपर्यंत मुलाचा गहू बंद करू नये.

ॲलर्जी नव्हे

दिल्लीत या आजाराला सर्रास ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हटले जाते. वैद्यकीय दृष्टीने ते बरोबर नाही, आणि या चुकीच्या नावामुळे अनेक पालक ॲलर्जीच्या चाचण्यांवर पैसे खर्च करतात. ॲलर्जीत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी होणे असे परिणाम खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात दिसतात. सीलिअॅक हा स्वयंप्रतिरोधी आजार आहे. म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करते. या हल्ल्याला निमित्त ठरते ते गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाचे प्रथिन. कणीक मळल्यावर तिला जो चिकटपणा आणि ताण येतो तो याच प्रथिनामुळे.

लहान आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नातील पोषक द्रव्ये शोषून घेण्याचे काम तेथे होते. सीलिअॅकमध्ये हे रसांकुर झिजत जातात आणि आतड्याची आतील बाजू सपाट होते. मग मूल पोटभर जेवले तरी लोह, कॅल्शियम, स्निग्ध पदार्थ आणि जीवनसत्त्वे शरीरात पुरेशी पोहोचत नाहीत. जुलाब हे सर्वांना ठाऊक असलेले लक्षण असले तरी ते प्रत्येक मुलात असेलच असे नाही. काही मुलांना उलट बद्धकोष्ठता असते. काहींमध्ये लोहाची औषधे देऊनही न हटणारा रक्तक्षय किंवा खुंटलेली उंची एवढीच खूण असते. भारतासारख्या देशात कुपोषण, जंत आणि वारंवार होणारे आतड्याचे संसर्ग यांचीही लक्षणे अशीच असल्यामुळे मूळ कारण झाकले जाते.

दिल्लीतील साठ वर्षांचा इतिहास

हा युरोपीय लोकांचा आजार आहे, अशी समजूत जगभर दीर्घकाळ होती. ती मोडण्यात दिल्लीचा वाटा मोठा आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९६६ साली उत्तर भारतीय मुलांमधील सीलिअॅक आजारावर एक लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत बी. एन. एस. वालिया, बी. एन. टंडन आणि ओ. पी. घई यांचा समावेश होता. यांपैकी डॉ. घई यांचे बालरोगशास्त्रावरील पाठ्यपुस्तक पुढे देशभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती गेले. तरीही कित्येक वर्षे हा आजार दुर्मीळ समजला जात राहिला, कारण तो शोधायचा तर आतड्याचा तुकडा काढून तपासणे हाच मार्ग होता आणि तशी सोय मोजक्याच रुग्णालयांत होती.

रक्ततपासणी उपलब्ध झाल्यावर चित्र पालटले. लुधियाना येथे शाळकरी मुलांची पाहणी झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दर ३१० मुलांमागे एकाला हा आजार असल्याचे दिसले. त्यानंतर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजेच एम्समधील, डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजधानी परिसरात १०,४८८ लोकांची पाहणी केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आजाराचे प्रमाण १.०४ टक्के, म्हणजे दर ९६ व्यक्तींमागे एक असे निघाले. हे प्रमाण युरोपातील देशांच्या तोडीचे आहे.

मराठी वाचकांच्या दृष्टीने याहून लक्षणीय ठरावा असा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील मिळून २३,३३१ प्रौढांची तपासणी करण्यात आली होती. या आजाराची प्रतिपिंडे रक्तात आढळण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत केवळ ०.१० टक्के होते. हा फरक रक्तातील वारशामुळे असेल असे कोणालाही वाटावे. परंतु आजाराला पोषक असणारी जनुके तिन्ही प्रदेशांत जवळजवळ सारख्याच, सुमारे एक तृतीयांश लोकांत आढळली. फरक होता तो ताटात. उत्तरेत माणशी दररोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता, ईशान्येत ३७ ग्रॅम आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. ईशान्येतील कमी गहू आणि तरीही बऱ्यापैकी जास्त प्रमाण हे कोडे या आकड्यांतून पुरते सुटत नाही. पण दक्षिण आणि उत्तर यांच्यातील तफावत पुरेशी बोलकी आहे.

महाराष्ट्र या अभ्यासात नव्हता. परंतु ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा गेल्या काही दशकांत गव्हाच्या पोळीने कशी घेतली, हे मराठी घरांना वेगळे सांगायला नको. नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या कुटुंबात तर हा बदल एका पिढीतच पूर्ण होतो. ‘आमच्या घराण्यात हा आजार कधीच नव्हता’ हे आजोबांचे म्हणणे खरे असले तरी नातवाच्या तपासणीविरुद्ध ते कारण होऊ शकत नाही. आजोबा वाढले भाकरीवर आणि नातू वाढतो आहे गव्हावर.

जेव्हा गहू बंद करणे हीच चाचणी होती

गहू थांबवून पाहण्याचा जो सल्ला आज चुकीचा ठरतो, तो एके काळी शास्त्रशुद्ध निदानाचाच भाग होता. लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तो एक ते पाच वर्षांच्या मुलांत विशेष आढळतो आणि त्यावर इलाज असलाच तर तो आहारातच सापडेल, असे त्यांनी नोंदवले होते. मात्र दोषी अन्न कोणते, हे त्यांना उमगले नाही. ते श्रेय हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांना जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला. गव्हाशी या आजाराचा संबंध असावा असा संशय डिके यांना आधीपासूनच होता, आणि उपासमारीच्या त्या दिवसांतील अनुभवाने तो बळावला. त्यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात तो पद्धतशीरपणे मांडला.

पुढे आतड्याचा तुकडा तोंडावाटे काढता येऊ लागला आणि १९६९ साली युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांनी निदानाचे निकष ठरवले. ते आज वाचताना अंगावर काटा येतो. मुलाच्या आतड्याचा तुकडा तीनदा काढायचा : एकदा आजारी असताना, दुसऱ्यांदा गहू बंद केल्यावर आणि तिसऱ्यांदा गहू मुद्दाम पुन्हा सुरू करून. १९९० साली हे निकष बदलले आणि बहुतेक मुलांसाठी एकच तपासणी पुरेशी मानली गेली. गहू बंद करून सुधारणा होते का हे पाहणे त्याही पद्धतीत होते. पण ते पहिल्या तपासणीनंतर होते, आधी नव्हे. घरगुती सल्ल्यात नेमका हा क्रम उलटा होतो.

रक्तात काय पाहतात?

ग्लूटेनमुळे चिथावलेली प्रतिकारयंत्रणा शरीरातील ‘टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज’ नावाच्या एका विकराविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. हा विकर म्हणजेच हल्ल्याचे लक्ष्य आहे, हे जर्मनीतील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले आणि त्यावर आधारित रक्तचाचणी जगभर रूढ झाली. प्रयोगशाळेच्या कागदावर ती ‘टीटीजी-आयजीए’ या नावाने येते. हातातील शिरेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतले जाते. त्यासाठी मुलाला उपाशी ठेवावे लागत नाही.

या चाचणीसोबत आणखी एक साधी चाचणी करून घेणे आवश्यक असते आणि तीच अनेकदा राहून जाते. ती म्हणजे रक्तातील एकूण आयजीए. ‘आयजीए’ हा प्रतिपिंडांचा एक वर्ग आहे. काही मुलांच्या शरीरात हा वर्ग जन्मतःच तयार होत नाही. सीलिअॅक असलेल्यांमध्ये अशांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त, शंभरात दोन-तीन इतके असते. ज्या मुलाकडे आयजीए नाहीच, त्याच्या रक्तात टीटीजी-आयजीए सापडणार तरी कसे? अहवाल सामान्य येतो आणि आजार निसटतो. अशा मुलांत ‘आयजीजी’ या दुसऱ्या वर्गाच्या प्रतिपिंडांवर आधारित चाचणी करावी लागते. दीड-दोन वर्षांच्या मुलांत तर आयजीएचे प्रमाण निसर्गतःच मोठ्यांपेक्षा कमी असते. म्हणून आकडा प्रौढांच्या नव्हे, त्या वयाच्या कोष्टकाशी ताडून पाहावा लागतो.

दोन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत एक वाद बराच काळ चालला. या वयात टीटीजी-आयजीए चाचणीवर विसंबता येत नाही, म्हणून ‘डीजीपी’ नावाची दुसरी प्रतिपिंड-चाचणीही जोडावी, असा प्रघात होता. युरोपीय बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्व वयोगटांसाठी टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए याच जोडीने सुरुवात करावी असे सुचवले. काही डॉक्टर आजही लहान मुलांसाठी दोन्ही चाचण्या सांगतात. त्यात गैर काही नाही. मात्र केवळ डीजीपी वाढलेले आणि बाकी सर्व सामान्य असेल, तर त्यावरून घाईने निष्कर्ष काढला जात नाही.

अहवालातील आकडा वाचतानाही सावधगिरी हवी. प्रत्येक संचाची सामान्य मर्यादा वेगळी असते. एका प्रयोगशाळेच्या कागदावर मर्यादा २० आणि मुलाचा आकडा ६० असेल, तर तो तिप्पट झाला. दुसरीकडे मर्यादा ४ असेल तर तोच ६० पंधरापट होतो. म्हणून डॉक्टर नुसता आकडा न पाहता तो मर्यादेच्या किती पट आहे हे पाहतात. मर्यादेच्या जरासा वर असलेला आकडा लहान मुलांत काही वेळा गहू सुरू असतानाही आपोआप खाली येतो. अशा वेळी काही महिन्यांनी पुन्हा तपासणी केली जाते. दरम्यान गहू चालूच ठेवायचा असतो.

बाजारात ‘अन्न सोसत नसल्याची’ तपासणी म्हणून शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या चाचण्याही विकल्या जातात. त्यांचा सीलिअॅकच्या निदानाशी काहीही संबंध नाही. गव्हाच्या ॲलर्जीची चाचणी सामान्य आली म्हणून सीलिअॅक नाही, असेही म्हणता येत नाही.

किती गहू, किती दिवस?

प्रतिपिंडे ग्लूटेनच्या चिथावणीवर जगतात. ग्लूटेन थांबले की ती काही महिन्यांत ओसरत जातात आणि रसांकुरही हळूहळू पुन्हा उगवतात. लहान मुलांची आतडी तर मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात. म्हणून ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे दररोज एकाहून अधिक वेळच्या जेवणात ग्लूटेन असावे. उत्तर भारतीय घरात हे वेगळे जमवावे लागत नाही. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण दोन ते तीन ग्रॅम ग्लूटेन असते. सकाळी अर्धी पोळी आणि संध्याकाळी थोडा दलिया खाणारे मूल ही अट सहज पूर्ण करते. अडचण येते ती भात, नाचणीचे सत्त्व आणि इडली यांवर वाढणाऱ्या मुलांची. त्यांच्या आहारात मुळातच गहू नगण्य असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायला हवे.

आजारी दिसणाऱ्या मुलाला आणखी सहा आठवडे गहू द्यायचा, हे कोणत्याही आईला जड जाते. प्रत्यक्षात ज्याचा गहू चालूच आहे त्याला एवढे थांबण्याची गरज नसते. तो आहे त्या अवस्थेत दुसऱ्याच दिवशी रक्त देऊ शकतो. मूल फारच अशक्त असेल, जुलाबाने त्याचे पाणी कमी झाले असेल, तर ती वेगळी परिस्थिती आहे. त्याला रुग्णालयात नेऊन तेथेच आधी रक्ताचा नमुना घेऊन पुढचा निर्णय करता येतो.

दुर्बिणीची तपासणी

रक्तात प्रतिपिंडे आढळली की पुढचा टप्पा सहसा एंडोस्कोपीचा असतो, आणि पालकांच्या मनात सर्वात मोठी धास्ती याच टप्प्याची असते. एवढ्या लहान मुलाला नळी घालायची या कल्पनेनेच अनेक जण मागे फिरतात आणि ‘गहूच बंद करू, झंझट नको’ असे ठरवतात. प्रत्यक्षात ही तपासणी तुलनेने छोटी आहे. मुलाला काही तास उपाशी ठेवले जाते. दूध किंवा हलके अन्न सहसा सहा तास आधी आणि अंगावरचे दूध चार तास आधी बंद होते. त्यानंतर अल्पकाळ भूल देऊन तोंडावाटे एक बारीक, लवचिक दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत नेली जाते. तेथून चिमटीने कणाएवढे तुकडे घेतले जातात. आतड्याच्या अस्तराला अशा चिमट्याची वेदना जाणवत नाही. प्रकृती ठीक असल्यास मूल त्याच दिवशी घरी जाते.

तुकडे किती आणि कुठून घेतले, याला महत्त्व आहे. झीज आतड्यात सर्वत्र सारखी नसते, मधूनमधून असते. म्हणून आद्यांत्राच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून किमान एक तुकडा घ्यावा, असा संकेत आहे. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झिजेची श्रेणी ठरवली जाते. या श्रेणी ब्रिटिश डॉक्टर मायकेल मार्श यांच्या नावाने ओळखल्या जातात. अहवालात ‘मार्श ३’ लिहिले असेल तर रसांकुर झिजले आहेत, असा त्याचा अर्थ. ‘मार्श १’ एवढेच असेल तर संसर्गासह इतर अनेक कारणे संभवतात.

ही तपासणी टाळता येते का? युरोपात २०१२ पासून काही मुलांत ती टाळली जाते. टीटीजीचा आकडा मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून अधिक असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ‘ईएमए’ नावाची वेगळी प्रतिपिंडेही सापडली, तर २०२० च्या तत्त्वांनुसार तेवढ्यावर निदान करता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांचा भर मात्र आतड्याच्या तपासणीवर आहे. निरनिराळ्या प्रयोगशाळांतील संचांची गुणवत्ता एकसारखी नसणे आणि इतर आतड्याच्या विकारांचे मोठे प्रमाण पाहता ही काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. निर्णय संबंधित बालपोटविकारतज्ज्ञाचा असतो. तो होईपर्यंत, म्हणजे रक्ताचा अहवाल आल्यावर आणि दुर्बिणीच्या तारखेपर्यंतही, गहू सुरूच ठेवायचा असतो. येथे दुसऱ्यांदा चूक होते. रक्तात दोष सापडला म्हणून घरी गहू तातडीने बंद केला जातो आणि तीन महिन्यांनी दुर्बिणीची पाळी येते तेव्हा आतडे बरेच सावरलेले असते.

मयूर विहारच्या रहिवाशांसाठी गीता कॉलनीतील चाचा नेहरू बाल चिकित्सालय हे मुलांचे सरकारी रुग्णालय फार दूर नाही. एम्समध्ये सीलिअॅक रुग्णांसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. मयूर विहार फेज-१ स्थानकावरून मेट्रोच्या गुलाबी मार्गाने आयएनएपर्यंत जाऊन तेथून पिवळ्या मार्गाने पुढचेच स्थानक गाठले की रुग्णालय येते. सरकारी रुग्णालयांत तारखेसाठी थांबावे लागू शकते, हे गृहीत धरूनच गहू कधी थांबवायचा ते डॉक्टरांना स्पष्ट विचारून घेतलेले बरे.

गहू आधीच बंद केला असेल तर

सुरुवातीला वर्णन केलेल्या मुलाकडे परत यावे लागेल. त्याचा गहू तीन महिने बंद आहे, ते बरे आहे आणि अहवाल सामान्य आहे. आता काय?

उपलब्ध मार्गांपैकी सोपा मार्ग जनुकीय चाचणीचा आहे. ‘एचएलए डीक्यू२’ आणि ‘डीक्यू८’ या दोन जनुकीय खुणांपैकी एकही नसेल, तर सीलिअॅक असण्याची शक्यता जवळजवळ संपते. जेवणाचा या चाचणीवर काहीही परिणाम होत नाही, हा तिचा मोठा फायदा. परंतु ती होकारार्थी आली तर फारसे काही कळत नाही, कारण सुमारे तिसरा हिस्सा लोकसंख्येत या खुणा असतात आणि त्यातील बहुतेकांना आयुष्यात कधीही हा आजार होत नाही. केवळ याच अहवालावर मुलाला सीलिअॅक ठरवलेले असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे योग्य.

दुसरा मार्ग म्हणजे गहू पुन्हा सुरू करून, प्रतिपिंडे वर येण्याची वाट पाहून मग तपासणे. मोठ्यांमध्ये हे केले जाते. लहान मुलांत मात्र युरोपीय तज्ज्ञांनी २०१२ साली स्पष्ट सल्ला दिला की, पाच वर्षांखालील मुलांत आणि वयात येताना उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात असा प्रयोग शक्यतो करू नये. त्या वयात वाढीचे झालेले नुकसान भरून काढणे कठीण असते. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाच्या आईवडिलांपुढे साडेतीन वर्षे अनिश्चिततेत काढण्याची वेळ येऊ शकते. तोवर मुलाला पूर्ण पथ्यावर ठेवायचे, की मधूनमधून गहू द्यायचा? अंगणवाडीत आणि शाळेत काय सांगायचे? नेमके निदान हाती नसल्यामुळे घरातील मोठी माणसेही पथ्य गांभीर्याने घेत नाहीत. एका रक्ततपासणीचा क्रम चुकल्याची ही किंमत आहे.

निदान झाल्यावर

निदान पक्के झाले तर उपचार एकच : गहू, जव आणि राय आयुष्यभर वर्ज्य. औषध नाही. पण मराठी स्वयंपाकघर या बाबतीत उत्तर भारतीय स्वयंपाकघरापेक्षा सुदैवी आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, साबुदाणा, वरी, राजगिरा, सर्व डाळी, दूध, भाज्या आणि फळे यांत ग्लूटेन नसते. ज्वारीची भाकरी आणि तांदळाची उकड हे पथ्याचे पदार्थ नव्हेत, नेहमीचेच जेवण आहे. धोका असतो तो लपलेल्या गव्हाचा. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरांत गहू असतो. रवा, मैदा, शेवया आणि दलिया हे गव्हाचेच प्रकार आहेत, हे पाहुण्यांकडे आठवणीने सांगावे लागते. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे तर कित्येकांना ठाऊकच नसते. वरणाला रोज चिमूटभर तोच हिंग पडत राहतो. गिरणीचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली तर पिठात गहू उतरतो. घरगुती घरघंटी असेल तर ती या मुलापुरती वेगळी ठेवता येते. वेष्टनावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे, हा देशातील अन्नसुरक्षा नियम आहे. म्हणून पाकिटावरचा मजकूर वाचण्याची सवय उपयोगी पडते.

पथ्य सुरू झाल्यावर मुलाची भूक आणि चिडचिड काही आठवड्यांतच सुधारते, वजन त्यामागून येते. टीटीजीचा आकडा खाली यायला वर्षभर किंवा अधिकही लागू शकते. म्हणून काही महिन्यांच्या अंतराने तीच चाचणी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा केली जाते. आकडा उतरत नसेल तर घरात कुठेतरी गहू शिरतो आहे असे समजून शोध घ्यावा लागतो, आणि तो बहुधा हिंगाच्या डबीपाशी किंवा शेजाऱ्यांच्या बिस्किटापाशी संपतो.

एका मुलात आजार सापडला की आईवडील आणि भावंडे यांचीही रक्ततपासणी सुचवली जाते. एम्समधील संशोधकांच्या सहभागाने झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात जवळच्या नातलगांपैकी ७.५ टक्के लोकांत हा आजार आढळला होता. त्यातील अनेकांना कसलाही त्रास जाणवत नसतो. घरात तान्हे भावंड असेल तर त्याची तपासणी लगेच करून उपयोग नाही. त्याने आधी गहू खायला सुरुवात करायला हवी. गहू उशिरा सुरू केल्याने आजार टळतो का, याची युरोपात मोठ्या प्रमाणावर चाचपणी झाली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत तसे दिसून आले नाही. म्हणून त्या बाळाचेही उष्टावण इतरांसारखेच करावे, त्याच्या वाटीत पोळी पडू द्यावी, आणि काही काळ ती नियमित खाल्ल्यावर, पुढे त्रास नसला तरीही, त्याचे रक्त तपासावे, असे डॉक्टर सांगतात. पहिला अहवाल सामान्य आला तरी पुढील वर्षांत ही तपासणी पुन्हा करावी लागते.